आभारसरांनी न मानलेले आभार

माझ्या बाबांना कॉलेजात कोणी नावाने ओळखत नाही. विद्यार्थी, शिपाई, कँटीनवाला, सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, आभारसर. समोर नुसतं 'सर' आणि पाठ वळली की 'आभारसर'. शिकवतात भूगोल, आणि बरा शिकवतात. पण त्यांची ख्याती आहे ती कार्यक्रम संपताना माईकपाशी येऊन आभार मानण्याची. कार्यक्रम कोणाचाही असो, पत्रिकेची शेवटची ओळ त्यांचीच. प्राचार्य बदलले, सभागृहातल्या खुर्च्या बदलल्या, ती ओळ काही बदलली नाही.

त्यांच्या तावडीतून कोणी सुटत नाही. पाहुणे, अध्यक्ष, संस्था हे तर सगळेच म्हणतात. बाबा माईक लावणाऱ्याचे, पडदे धुणाऱ्या बाईंचे, पाहुण्यांना वेळेवर पोचवणाऱ्या ड्रायव्हरचेही मानतात. एकदा कार्यक्रमभर वीज गेली नाही म्हणून त्यांनी वीजखात्याचे आभार मानले आणि त्याच क्षणी वीज गेली. सभागृह हसून हसून लोळलं. बाबा मात्र अंधारात, बिनमाईकचे, उरलेले आभार पूर्ण करूनच खाली आले.

आई म्हणते, "यांची दाढ काढली ना, तर हे डॉक्टरांचे मानतील ते मानतीलच, पण दाढेचेही मानतील. इतकी वर्षं साथ दिल्याबद्दल." घरात भांडण झालं तरी बाबा शेवटी "तू स्पष्ट बोललीस, बरं केलंस" असं काहीतरी म्हणतात, आणि मग आईला पुढचं भांडण सुचत नाही. मला मात्र या सगळ्याचा राग यायचा. मी त्याच कॉलेजात ग्रंथालयात काम करते. दिवसभर 'शांतता राखा' या पाटीखाली बसून माझा आवाज साठतो, तो घरी निघतो. काका मला ठिणगी म्हणतात ते उगाच नाही.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. ते आमच्याकडेच राहतात, मागच्या खोलीत. त्या खोलीला दार नाही, पडदा आहे. दार होतं, ते बाबांनीच बिजागऱ्यांतून काढून माळ्यावर टाकलं, कारण बंद दारामागे काकांना झोप लागत नाही. तिथे ते शिवणयंत्रं दुरुस्त करतात. आसपासच्या बायका यंत्रं आणून देतात, आई ती आत पोचवते आणि दुरुस्त झाली की बाहेर आणते. काका बाहेर येत नाहीत. पडद्याआडून बोलतात मात्र झकास. कोणाच्या यंत्राचा आवाज ऐकून ते सांगतात की हिला घाई आहे, हिची सासू आलेली दिसते, आणि बहुतेक वेळा खरं निघतं.

काका माझ्यापेक्षाही कमी वयाचे होते तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, वसतिगृहात राहायचे. एका संध्याकाळी मित्रांबरोबर गच्चीवर गांजा ओढत बसले. धाड पडली. बाकीचे जिन्याने पळाले, पुडी सापडली काकांच्या खिशात. वर्षभर आत होते. गेले तेव्हा वर्गात सगळ्यांना नकला करून हसवणारा मुलगा होता, आले तेव्हा भिंतीकडे तोंड करून जेवणारा. हे मला आईने सांगितलं. बाबा या विषयावर कधीच बोलत नाहीत.

आणि आईनेच हेही सांगितलं की बाबांची आभार मानायची सवय तेव्हाची. काका घरी आले तेव्हा बाबांना नुकती नोकरी लागली होती. ते संध्याकाळी शर्टाला इस्त्री करून बाहेर पडायचे आणि घरोघर जाऊन आभार मानायचे. घर रिकामं करा म्हटलं नाही म्हणून घरमालकाचे. रस्त्यात ओळख दाखवली म्हणून शेजाऱ्यांचे. ठरलेलं लग्न मोडलं नाही म्हणून आईच्या वडिलांचे. एखादा राहून गेला तर तोच उद्या तोंड उघडेल, अशी त्यांना धास्ती होती. भीती पुढे कमी झाली असेल, सवय राहिली. नंतर ते इथे आले, नवं कॉलेज, नवं गाव, इथे कोणाला काही माहीत नव्हतं, आणि बाबांनी ते कोणाला कळू दिलं नाही.

तर अशा माणसाला कॉलेजने शिस्त समितीवर घेतलं होतं. का, तर ते कोणाला विरोध करत नाहीत. समितीचा नियम असा की सगळ्यांचं एकमत असेल तरच विद्यार्थ्याचं प्रकरण बाहेर, पोलिसांकडे जातं. नाहीतर कॉलेजातल्या कॉलेजात मिटवायचं. या वर्षी वसतिगृहातल्या एका मुलीच्या खोलीत गांजा सापडला. पेन्सिलीच्या डबीत, चिमूटभर. मुलगी शेवटच्या वर्षाची, ग्रंथालयात कायम खिडकीपाशी बसणारी. आम्ही तिला खिडकीवाली म्हणतो. विचारल्याबरोबर तिने कबूल केलं, "माझाच आहे, मी ओढते." खोटं बोलायचंही तिला सुचलं नाही.

त्याच आठवड्यात अमली पदार्थ खात्याचे मोठे साहेब कॉलेजात व्याख्यानाला येणार होते. प्राचार्यांना वाटलं, हा योग चांगला आहे. व्याख्यान झाल्यावर चहाच्या वेळी सगळ्यांनी सह्या करून समितीचं पत्र साहेबांच्या हाती द्यायचं, कॉलेज किती कडक आहे ते त्यांनाही दिसेल. आदल्या दिवशी समिती बसली. प्राचार्यांनी विचारलं, "सगळ्यांना मान्य?" बाकीच्यांनी हो म्हटलं. बाबांनीही होकारार्थी मान हलवली.

हे मला समितीतल्याच एका बाईंकडून कळलं आणि माझं डोकं फिरलं. घरी आल्या आल्या मी बाबांना गाठलं, तेही हळू आवाजात, कारण पडद्यामागे काका होते. हळू आवाजात भांडणं किती अवघड असतं ते करून बघा.

"बाबा, तुम्ही मान हलवलीत?"

"हलवली."

"तुम्ही? जगात दुसऱ्या कोणी हलवली असती तर मी समजू शकले असते."

बाबा बूट काढत होते. एक बूट काढला आणि दुसरा तसाच पायात ठेवून बसले. "सगळे हो म्हणाले गं. मी नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं."

"मग सांगायचं."

त्यांनी पडद्याकडे नुसतं पाहिलं. माझा राग काही गेला नाही. त्या रात्री बाबा जेवले नाहीत. आईने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. वसतिगृहातल्या मुलामुलींना हजेरी सक्तीची होती. खिडकीवाली मागच्या रांगेत भिंतीला चिकटून बसली होती, तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. मी जाऊन तिच्या शेजारी बसले. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिचा हात मांडीवर होता आणि अंगठा सारखा बोटांवरून फिरत होता. पत्राचं तिला सांगितलेलं होतं. संध्याकाळनंतर आपण कुठे असू हे तिला माहीत नव्हतं.

साहेब तसे वाईट वाटले नाहीत. उंच, केस पांढरे, आवाज खणखणीत. कागद न बघता बोलत होते. गांजाचा पहिला झुरका मुलांना कुठे घेऊन जातो ते त्यांनी सांगितलं, काही मुलांच्या हकिकती सांगितल्या, त्यातल्या एकीने खरंच माझ्या अंगावर काटा आला. मग ते म्हणाले, "लोक म्हणतात, पहिल्या वेळी सोडून द्या, समज द्या. मी म्हणतो, पहिल्याच वेळी आत टाका. तुरुंगाची भीती हीच खरी समज. आणि एक सांगतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी कितीतरी मुलं आत टाकली, पण त्यांच्यातल्या एकाही घराने मला दोष दिलेला नाही. उलट आईबाप, भाऊ, येऊन हात जोडून आभार मानून गेलेत."

टाळ्या पडल्या. मी व्यासपीठाकडे पाहिलं. शेवटच्या खुर्चीवर बाबा बसले होते. ते टाळ्या वाजवत नव्हते. बाबा टाळ्या वाजवत नाहीत असं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

साहेबांना पुढे कुठेतरी जायचं होतं, म्हणून प्रश्नोत्तरं रद्द झाली. एका मुलाने हात वर केला होता, तो त्याने खाली घेतला. सूत्रसंचालिका म्हणाली, "आता आभारप्रदर्शन," आणि नेहमीसारखी खुर्च्यांची कुरकुर सुरू झाली. आभार सुरू झाले की मुलं बॅगा आवरायला लागतात. मागे चहाचे कप मांडायचा आवाज येत होता. बाबा माईकपाशी आले. खिशातून कागद काढला, उघडला, पुन्हा घडी घालून खिशात ठेवला.

"साहेब म्हणाले, लोक त्यांचे आभार मानतात," बाबा म्हणाले. "ते खरं आहे. मीही मानलेत."

साहेबांनी हसून मान तुकवली.

"यांचे नाही, त्या वेळी दुसरे साहेब होते. माझा भाऊ गांजा ओढताना सापडला होता. वर्षभर तुरुंगात होता. त्याला न्यायला गेलो तेव्हा फाटकावरच्या शिपायापासून आतल्या अधिकाऱ्यापर्यंत मी सगळ्यांचे आभार मानले. हात जोडून. एकालाही दोष दिला नाही. कारण भाऊ अजून त्यांच्या हातात होता, साहेब. कागदावर एक सही व्हायची होती. तुमच्याकडे जे येतात, त्यांच्याही कसल्यातरी सह्या राहिलेल्या असतात."

बॅगा आवरायचे आवाज थांबले. ज्या गोष्टीसाठी या माणसाने जन्मभर ओठ शिवून घेतले, ती तो भर सभागृहात, माईकवरून सांगत होता. प्राचार्य अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. आभार मानणाऱ्याला कसं थांबवायचं हे कोणालाच माहीत नसतं.

साहेब बसल्या जागेवरून म्हणाले, "सर, हे आभार आहेत की प्रश्न?"

"प्रश्न आहे," बाबा म्हणाले. "माफ करा, सवय नाही, त्यामुळे नीट जमत नाहीये. त्या मुलाचं नुकसान कशाने झालं, हे मला विचारायचंय. गांजाने त्याची एक संध्याकाळ गेली. तुम्ही ज्याला समज म्हणता तिने बाकी सगळं गेलं. तो आजही बंद खोलीत झोपू शकत नाही."

"मग तुमचं म्हणणं काय, गांजा मोकळा करून टाकायचा?"

"मला गांजातलं काही कळत नाही. मला तर उदबत्तीच्या धुरानेही शिंका येतात." कोणीतरी हसलं, पण लगेच थांबलं. "मुलांनी ओढावा असं मी म्हणत नाही. माझ्या मुलीने ओढला तर मी तिच्याशी बोलणं टाकीन. म्हणजे दोन दिवस. पण तिला तुमच्या स्वाधीन करणार नाही."

मी मागच्या रांगेत लाल झाले. साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. रागावले नव्हते, पण आता ते पाहुणे राहिले नव्हते. "सर, तुमच्या भावाचं वाईट वाटतं. पण मी या व्यसनात घरंच्या घरं बसलेली पाहिलीत. एकाच्या उदाहरणावर कायदा ठरत नाही."

"खरंय," बाबा म्हणाले. "मग जे आभार मानून गेले, त्यांच्या उदाहरणावरही ठरू नये."

मग बाबा प्राचार्यांकडे वळले.

"काल मी एका गोष्टीला मान हलवली होती. ती मी परत घेतो. माझं एकमत नाही. मी सही करणार नाही."

सभागृहात फार थोड्यांना कळलं की कशाबद्दल. खिडकीवालीला कळलं. तिने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली.

बाबा पुन्हा माईककडे वळले आणि पुढचं अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले. माईकवाल्याचे आभार मानले, चहावाल्यांचे मानले, ऐकून घेतलं म्हणून विद्यार्थ्यांचे मानले. "साहेबांचे आभार आज मानत नाही. मला त्यांची अजून भीती वाटतेय. आणि भीती वाटत असताना मी आता कोणाचे आभार मानणार नाही." एवढं बोलून ते खाली उतरले, आणि कार्यक्रम संपला की नाही हे न कळल्याने सगळे तसेच बसून राहिले. शेवटी साहेबच उठले. जाता जाता बाबांपाशी थांबून म्हणाले, "माझं मत बदललं असं खोटं सांगणार नाही. पण ऐकलंय." आणि चहा न घेता निघून गेले.

त्यानंतर प्राचार्यांच्या खोलीत काय काय झालं ते मी सांगत नाही. बाबांना समितीवरून काढलं, ते होणारच होतं. पण नियम नियम असतो. मुलीबद्दलचं पत्र गेलं नाही. तिला ताकीद मिळाली आणि वसतिगृहाच्या बाईंकडे रोज जाऊन बसायची शिक्षा. वर्ष वाचलं.

आम्ही दोघं चालत घरी निघालो. मला बाबांचा इतका अभिमान वाटत होता की बोलायलाच येईना, जे माझ्या बाबतीत सहसा घडत नाही. बाबा मात्र खचल्यासारखे चालत होते. कोपऱ्यावर थांबले आणि म्हणाले, "त्याला न विचारता सांगितलं गं. सगळ्यांना. त्याचं होतं ते, माझं नव्हतं." तेव्हा माझ्या लक्षात आलं की साहेबांसमोर उभं राहणं त्यामानाने सोपं होतं, खरं अवघड पुढेच आहे.

घरी आल्यावर ते हातपायही न धुता सरळ पडदा सारून आत गेले. आई आणि मी बाहेर उभ्या राहिलो. काका एका यंत्राचं पोट उघडून बसले होते. बाबांनी सगळं सांगितलं, काही न गाळता. काकांनी पेचकस खाली ठेवला.

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"माझं नाव घेतलंस?"

"नाही. नुसतं भाऊ म्हणालो."

"दादा, तुला भाऊ एकच आहे," काका म्हणाले. आईने माझा दंड धरला. मला वाटलं, आता ते बाबांना जा म्हणतील, आणि ते म्हणाले असते तर त्यांचं चुकलंही नसतं.

काकांनी विचारलं, "ती मुलगी कुठेय?"

"वसतिगृहात. सोडलं तिला."

"रडतेय?"

"खोलीत जाऊन बसलीय म्हणे. उद्यापासून चार दिवस वर्गात येत नाही म्हणाली. सगळे बघतात."

काका एकदम उठले. "ठिणगे, फोन लाव तिला."

मी लावला. तिला म्हटलं, माझ्या काकांना बोलायचंय. काकांनी फोन हातात घेतला तेव्हा त्यांना तो कुठल्या बाजूने धरायचा ते पटकन कळेना. परक्या माणसाशी ते पडद्याशिवाय कधी बोलले होते, मला आठवत नाही.

"पोरी, मी सरांचा भाऊ," ते म्हणाले. "तुरुंगात होतो, तो मीच." आमच्या घरात हा शब्द त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकला. "हे बघ, उद्या वर्गात जायचं. उद्याच. चार दिवसांनी नाही." पलीकडून तिने काहीतरी विचारलं असावं. "चार दिवसांनी काय होतं? काही होत नाही. मीही तेच म्हणालो होतो, लोक विसरले की जाईन. लोक केव्हाच विसरले गं. वाट बघत मीच बसलो."

ते पुढे बराच वेळ ऐकत होते. मधेच एकदा हसले. मग फोन माझ्याकडे देऊन बाबांकडे वळले. बाबा स्टुलावर बसून दोन्ही तळहातांत तोंड लपवून, अगदी आवाज करून रडत होते. काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"रडतोस काय? तिचा सकाळचा पहिला तास तुझाच आहे म्हणते. लवकर झोप."